क्लचवरचा पाय

३ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

शाळा अर्धवट सोडली म्हणून मला गाडीतलंही कळत नाही, हे तुझं जुनं टुमणं आता पुरे. वर्षात दुसरी क्लचप्लेट जळत आली, तरी तुझ्या लेखी आपला जुना मिस्त्री देवमाणूस आणि मी उतावळा. बाबा भाडी मारतात तेव्हा घर चालतं. गाडी दाराशी उभी राहिली की चूल पेटत नाही, हे मी तुला सांगायला नको.

आता ते नवं गॅरेज म्हणतेस, फक्त क्लच-गिअरचंच काम घेणारं. चकचकीत फरशीवर भाळू नकोस. आमच्या गोदामाचीही फरशी चकचकते, आणि मालकाची दानत तुला ठाऊक आहे. मी सांगतो तसं कर. मुद्दाम एक खोटं दुखणं सांग. मागच्या चाकातून आवाज येतो म्हण. खोलावं लागेल असं म्हणाले, तर आल्या पावली परत फिर.

लोभ आहेच, तो भांडणात आटवू नकोस.

तुझा,
भिरभिऱ्या

१४ मार्च

चि. भिरभिऱ्यास,
अ. उ. आ.

तुझी अक्कल चालली, हे लिहून देते. जपून ठेव, पुन्हा मिळायचं नाही. गॅरेजची मालकीण माझ्याच वयाची बाई आहे. चाकाचं दुखणं सांगितलं, तर ती एक फेरी मारून आली आणि म्हणाली, आवाजबिवाज काही नाही, उगाच खर्चात पडू नका. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग तिने बाबांना गाडी चालवायला सांगितली. ती शेजारी, मी मागे. सरळ रस्त्याला लागल्यावर म्हणाली, काका, क्लचवरचा पाय काढा. बाबा म्हणाले, काढलाय. तिने पुन्हा सांगितलं, बाबा चिडले. तिने गाडी कडेला घ्यायला लावली, वाकून बाबांचा डावा पाय हाताने उचलला आणि खाली ठेवला. बाबा त्या पायाकडे बघतच राहिले, दुसऱ्या कुणाचा असावा तसे.

पाय सारखा टेकलेला, म्हणून प्लेट जळते. ती म्हणाली, दुसरं कुणी चालवणार असेल तर नवी प्लेट आज घालते, काका चालवणार असतील तर दुप्पट दिलेत तरी नाही. डॉक्टरकडेही जाऊन आलो. साखरेने दोन्ही पायांची जाणीव गेलीय. ब्रेकवरच्या पायाचीही. बाबांनी गाडी चालवणं कायमचं बंद.

बाबा सकाळी गाडी पुसतात आणि किल्ली खिशात घालून बसतात. मागायची कुणी?

तब्येतीला जप. ताईची आठवण पत्रापुरती ठेवू नकोस.

तुझी,
ताई

१६ मार्च

चि. भिरभिऱ्यास आशीर्वाद.

ताईने कळवलं असेलच. ती बाई नवशिकी, डॉक्टरही पोरगेलाच. पाय माझा आहे, मला ठाऊक. मिस्त्री प्लेट घालायला तयार आहे, पण ताई ऐकत नाही. तुझं ऐकेल. गाडीतलं तुला कळतं. तू एवढंच लिही की त्या गॅरेजवर विश्वास ठेवू नये. आणि प्लेटचे पैसे पाठव. आजवर तुझ्याकडे कधी मागितले नाहीत. भाडी सुरू झाली की फेडीन.

घरात बसून माणूस गंजतो रे. वेळेवर जेवत जा.

तुझे,
बाबा

२४ मार्च

ती. बाबांस,
शि. सा. न.

मला गाडीतलं कळतं, असं तुम्ही पहिल्यांदाच म्हणालात, आणि तेही आत्ता. तुम्हाला हवं ते लिहायला दोन ओळी पुरल्या असत्या. लिहूनही बघितल्या. फाडल्या.

बाबा, गॅरेज भरवशाचं आहे. चालून आलेलं गिऱ्हाईक ती सोडते, कारण तुमच्या मागच्या सीटवर कुणाचीतरी पोरं बसतात. मिस्त्री देवमाणूस आहे, तुम्ही म्हणाल ते घालून देईल. म्हणूनच त्याच्याकडे जाऊ नका.

किल्ली ताईला द्या. मला शिकवलंत, तिला कधी शिकवलं नाहीत. शेजारी बसा आणि माझ्यावर ओरडायचात तसं तिच्यावर ओरडा. ती माझ्यासारखी पळून जाणार नाही.

पुढच्या महिन्यात हे गोदामाचं काम सोडून दुसरीकडे जाणार होतो. नाही जात. माझ्यावर रागवा, वर्षभर रागवा, पण बोलणं टाकू नका. चपलेशिवाय फिरू नका, खडा टोचला तरी कळायचं नाही.

तुमचा,
भिरभिऱ्या

ता. क. मिस्त्रीकडच्या प्लेटचे पैसे पाठवत नाही, ताई शिकायला बसली की ती त्या गॅरेजातच घालू. भाड्यातून महिन्याला तुम्ही घरात जेवढे द्यायचात, तेवढे दर महिन्याला तुमच्याच नावाने पाठवीन. पहिले आजच पाठवतोय: अकरा हजार.