अभयच्या शेजारची जागा

मी, श्रीमती हिरा सीताराम बेलसरे, वय वर्षे पंचाहत्तर, निवृत्त टेलिफोन ऑपरेटर, राहणार कोथरूड, पुणे, हे मृत्युपत्र स्वखुशीने आणि पूर्ण शुद्धीत लिहून ठेवते. आजाराने शरीर पोखरलं आहे, डोकं नाही. ज्यांना शंका असेल त्यांनी समोर बसून वाद घालून पाहावा.

१. माझे यजमान वारले आहेत. आमचा एकुलता एक मुलगा अभय कॉम्प्युटर इंजिनिअर. २००१ साली तो नोकरीला जर्मनीला गेला, तिथल्याच आंकेशी लग्न केलं आणि तिच्या गावी, निडरहाझेलला, राहिला. ते गाव हाझेलग्रुंड नावाच्या पालिकेत येतं. आपली ग्रुप ग्रामपंचायत असते तसंच: पाच गावं, कचेरी एक, महापौर एक. अग्निशामक दलं मात्र पाच आणि दफनभूम्याही पाच, कारण वरच्या गावाला खालच्या गावात मेलेलंसुद्धा चालत नाही. अभय फोनवर हे सांगून हसायचा. मी म्हणायचे, "त्यात काय नवल? सदाशिव पेठेचं नारायण पेठेशी कधी पटलंय?" तो म्हणायचा, "आई, तू ये इथे. तुला बिनविरोध निवडून देतील."

२. गावच्या अग्निशामक दलात तो हौसेने गेला. २००३च्या फेब्रुवारीत बर्फात अडकलेली गाडी काढायला गेला असताना मागून ट्रक आला. जन्मभर मी लोकांचे ट्रंक कॉल जोडून दिले, "बोला, लाईन चालू आहे" म्हटलं. तो फोन आला तेव्हा लाईन चालू होती आणि मला बोलता येत नव्हतं.

३. आंकेने अस्थी पाठवल्या नाहीत, तिथेच गावच्या दफनभूमीत पुरल्या. एकमेकांच्या मयताला न जाणारी ती पाचही गावं त्याच्यासाठी एकत्र आली म्हणे. ती म्हणाली, "गावाने त्याला आपला म्हटलंय, आई. मी त्याला परत कसा पाठवू?" मला तो आळंदीला, वडिलांच्या अस्थी सोडल्या तिथेच हवा होता. पुढे कितीतरी वर्षं मी तिच्याशी बोलले नाही. माझं चुकलं असं मला वाटत नाही. तिचंही चुकलं नव्हतं. हा राग मी सोबत नेत नाही, इथेच ठेवते.

४. सुनेसाठी घडवलेल्या पाटल्या अजून कपाटात आहेत. त्या आंकेला द्याव्यात. तिने पुन्हा लग्न केलं आहे, शेजारच्या गावात राहते. तरी पाटल्या तिच्याच. माझा एक्स्चेंजमधला हेडसेटही तिलाच. अभय लहानपणी तो कानाला लावून खेळायचा.

५. आता मुख्य गोष्ट. तिकडे कबर कायमची नसते. मुदत संपली की दगड काढतात आणि जागा मोकळी करतात. अभयच्या दगडावर पालिकेने चिठ्ठी चिकटवली: नातेवाइकांनी कचेरीत भेटावं. आंके भेटली. कबरींच्या त्या रांगेत नुसते पैसे भरून मुदत वाढत नाही, त्याच जागेत घरचं दुसरं माणूस आलं तरच वाढते. येत्या मार्चअखेर मुदत संपते. आंके फोनवर रडत होती. आताच्या नवऱ्याच्या गावी तिची कबरीची जागा ठरलेली आहे. मी म्हटलं, "अगं, रडतेस काय? मी आहे ना." त्या महापौरांनी माझ्या नावाची परवानगी दिली आहे.

६. म्हणून माझं दहन वैकुंठ स्मशानभूमीत करावं आणि सगळ्या अस्थी, चमचाभरही मागे न ठेवता, निडरहाझेलला अभयच्या जागेत पुराव्यात. आळंदीचा आग्रह कोणी धरू नये. यजमानांना काय सांगायचं ते मी बघेन. मी तिथे आहे तोवर माझ्या लेकराला कोणी हलवणार नाही.

७. माझा फ्लॅट पुतण्या चि. दत्तप्रसाद याला मिळावा. बिल्डरशी त्याचं बोलणं झालं आहे, हे मला ठाऊक आहे. अट एकच: कलश त्याने मार्चच्या आत स्वतः घेऊन जावा. कुरिअर चालणार नाही. "काकू, बघू, सुट्टी मिळाली तर," असं तो म्हणाला आहे. सुट्टी न मिळाल्यास फ्लॅट माझ्याकडे वीस वर्षं स्वयंपाक करणाऱ्या सुशीलाबाईंना जावा. त्या सुट्टी मागणार नाहीत.

८. संक्रांत पाहाल की नाही सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणतात. मला मार्च ओलांडायचा नाही. नळ्या लावून, मशीनवर ठेवून मला कोणी थोपवू नये. बाकीच्यांना ही माया वाटेल, माझ्या पोराची जागा जाईल.

९. दगडावर माझं नाव नको. अभयच्या नावाखाली देवनागरीत फक्त "आई" कोरावं. तिथे कोणाला ते वाचता येणार नाही, असं दत्तप्रसाद म्हणतो. ज्याला वाचता येतं, तो तिथेच आहे.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी शेजारच्या वकील भाग्यश्री यांनी करावी. मी वाचून, समजून, माझ्याच हाताने सही केली आहे.

हिरा सीताराम बेलसरे

आमच्यासमोर सही झाली. बाईंनी आधी आम्हाला चहा घ्यायला लावला.
साक्षीदार: १. सर्जेराव कोंढरे, कोथरूड
२. कौशल्या उत्तरेश्वर माने, सदाशिव पेठ

पुणे, ९ ऑक्टोबर २०१७