रोमन अंगठा

४ मे, सोमवार
मोरावा नदीकाठच्या आमच्या रानात नांगराला खापर लागलं. तळाला क्रॉस, कडेला पायाच्या अंगठ्याचा ठसा. रोमन कुंभाराची सही! म्हणजे खाली भट्टी. म्हणजे इथे म्युझियम होणार, वॉचमन मीच. बायको स्लावका कधीची म्हणतेय, तू तिथे एक धड नोकरी धरून दाखव, ऑस्ट्रियातल्या म्हाताऱ्यांची उस्तवार सोडून घरी येते.
उद्यापासून रोज सहा तास खणणार.

६ मे
काल सव्वा तास खणलं. कंबर धरली. शास्त्रीय कामात घाई नको.
वर नुसती राखाडी, वेडीवाकडी खापरं. ना क्रॉस, ना अंगठा. ढीगभर बाजूला फेकली.

९ मे
आईला खापर दाखवलं. म्हणाली, अरे मुडद्या, ही माझी पाव भाजायची मातीची परात! संत येरेमियाच्या सणाला आम्ही बायका माती पायांनी तुडवायचो, तळाला क्रॉस काढायचो. तुझ्याच लग्नात फुटली.
वय चौऱ्याऐंशी. चालायचंच.

११ मे
आईने मोजा काढून ठशावर अंगठा ठेवला. तंतोतंत बसला. योगायोग. रोमन बायकांनाही अंगठे होतेच की.
स्लावकाला फोनवर सांगितलं, नोकरी पक्की. (पक्कीच आहे, फक्त शहरातल्या म्युझियमला अजून माहीत नाही.) रडायलाच लागली. आजच काम सोडते म्हणाली, शनिवारी येते.

१४ मे
येरेमियाचा सण. आई अंगणात एकटीच माती तुडवत होती. हात धर म्हणाली. मला वेळ कुठे? उद्या शहरातल्या म्युझियमच्या देसांकाबाई खापर बघायला गाडीने येणार आणि फाटकापुढच्या रस्त्यात चिखलाचा खड्डा. राखाडी खापरं त्यात ओतली, चार वेळा ट्रॅक्टर फिरवला. झकास रस्ता झाला.

१५ मे, दुपारी
माझं खापर पाहून बाई आईकडे वळल्या. आईने कालची ओली परात पुढे केली, तोच क्रॉस, तोच अंगठा. दोघी हसल्या.
निघताना बाई फाटकाशी गाडीतून उतरल्या, गुडघ्यांवर बसल्या, चुरा उचलला. हे कुठलं, म्हणाल्या. सांगितलं. मग म्हणाल्या, ही रोमन काळातली, भट्टीत बिघडली म्हणून कुंभारांनी टाकलेली. तुमच्या रानात त्यांची वस्ती होती. होती, असं दोनदा म्हणाल्या. आता यातून काय कळणार? मी विचारलं, आणि म्युझियम? म्हणाल्या, चुऱ्यावर कोण बांधतं?


१६ मे, शनिवार
स्लावका आली. टॅक्सी थेट दारापर्यंत. तू कामावर कधीपासून जाणार, विचारते आहे. मी म्हटलं, फाटकापुढचा रस्ता बघितलास? चाक जरासुद्धा रुतत नाही.
बॅग अजून उघडलेली नाही.