पुढच्या काचेखालच्या दोन दांड्या

ती. अर्विनदादा,

तुला आणि डोलोरेसवहिनीला लेस्टर आणि मॅक्सिनचा नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? वहिनींचा खोकला गेला का? नेब्रास्कात अजून दारातला बर्फ फावड्याने उपसताय असं ऐकलं. आम्ही हिवाळ्यापुरते इथे अ‍ॅरिझोनात अर्ध्या बाह्यांच्या सदऱ्यात बसलोय. तुला जळवायला नाही, सहज सांगतोय. पत्राला तसं विशेष कारण काही नाही. आठवण आली, एवढंच. (आठवण आली की माणूस फोन करतो, असं तू म्हणशील. पण फोनवर तू मध्येमध्ये बोलतोस.)

तर विषय तुझ्या मोटारघराचा, म्हणजे तू मला विकलेल्या. विकताना तू सगळं सांगितलंस. छत कुठे गळतं, शेगडीचा कुठला बर्नर पेटत नाही, थंडीत इंजिन कसं रुसतं. पण समोर, पुढच्या काचेखाली, डावीकडे एक आणि उजवीकडे एक अशा त्या दोन पोलादी दांड्या कशासाठी आहेत, यावर चकार शब्द नाही. आत शिरायचं दार बाजूला आहे. मग गाडीच्या तोंडाला कोणी का धरावं? गळकं छत आपणहून दाखवणारा माणूस दांड्यांबद्दल गप्प राहतो, तेव्हाच मला संशय आला होता. नात्यापोटी बोललो नाही.

इथे मोटारघरांच्या तळावर विचारायची चूक केली. तुला माहीतच आहे, इथे कोणी आपल्या गाडीपुढे पाना घेऊन नुसता उभा राहिला तरी दहा म्हातारे घडीच्या खुर्च्या घेऊन येतात. एक म्हणाला, दांड्या गाडी ओढायला. (ओढली तर गाडीचं तोंड तेवढं हातात येईल.) दुसरा म्हणाला, नाताळात पानांचं कडं टांगायला. निवृत्त पोस्टमास्तरांनी कारखान्यात गाडी उचलायच्या यारीचं वगैरे सुरू केलं. बर्ल मात्र नुसता हसला. हा बर्ल आमचा शेजारी, आर्कान्साचा. टकल्या आहे आणि सारखी शीळ घालतो. कारण नसताना शीळ घालणाऱ्याच्या मनात काहीतरी असतंच. (हे वाक्य गाळायचं नाही.)

त्यात या हिवाळ्यात पुढची काच बिघडली. कितीही पुसा, दुधाचा हात फिरवल्यासारखी धुकट. व्हिनेगर झालं, नवे वायपर झाले, दुकानातलं महागडं द्रव झालं. त्यात पाणी घालून विकतात, दुसरं काय! आणि एकट्या काचेचं काय घेऊन बसलास, सगळाच माल उतरलाय. बिंगोच्या कार्डावरचे आकडे यंदा इतके फिके छापलेत की आपण जिंकलो तरी कळू नये. समोरून येणाऱ्या गाड्यांचे दिवे हल्ली मुद्दाम पसरट बनवतात. बोललो तर मॅक्सिन माझ्याकडे बघत बसते.

मग सकाळी सकाळी गाडी हलायला लागली. मी मागच्या पलंगावर असतो, पण कोणी पुढच्या बंपरवर पाय ठेवला की मागे कळतंच. उठून येईपर्यंत बाहेर कोणी नाही, मॅक्सिन तेवढी पायऱ्या चढून आत येतेय. ‘‘जरा हवा खायला गेले होते,’’ म्हणाली. मी समोर जाऊन दांडी चाचपली तर ओली! काचेवर चिकटलेले किडेही गायब. आता मला सांग, दुसऱ्याची काच फुकट कोण पुसतं? ज्याला आत बघायचंय तो.

पुढचं ऐक. बर्ल आठवड्यातून दोन-तीनदा आपलं मोटारघर बाहेर काढायला लागला. पाण्याची नळी सोडा, विजेची तार गुंडाळा, सांडपाण्याचा पाइप उपटा, छत्री मिटा, एवढा खटाटोप करून हा गृहस्थ तासाभरात परत येतो, तोही रिकाम्या हाताने! पावासाठी आपलं घर उपटून कोणी दुकानात जात नाही. आणि नेमक्या त्याच सकाळी मॅक्सिन गोधडीच्या वर्गाला जाते. गोधडी मात्र बोटभर पुढे सरकलेली नाही.

मी जेवताना आडून विचारलं, ‘‘गोधडी कुठवर आली?’’

‘‘येतेय.’’

‘‘आणि बर्ल जातो कुठे गं गाडी घेऊन?’’

‘‘मला काय विचारतोस? बर्लला विचार. आणि लेस्टर, त्या अंड्यावर तू साखर घातलीयेस.’’ (डबे इतके सारखे कशाला बनवतात?)

मग मी चाकाला लावायचं ग्रीस काढलं आणि दोन्ही दांड्यांना चांगलं जाड फासलं. गुरुवारी सगळे आपापलं भांडं घेऊन जेवायला जमतात, तिथे प्रत्येकाशी हात मिळवायचा, ज्याचा काळा तो चोर, असा बेत होता. गुरुवारपर्यंत थांबावंच लागलं नाही. सकाळी गाडी हलली, हलली आणि धप्प! मी अनवाणी बाहेर धावलो. खडीवर एक आकृती बसलेली, डोकं गुळगुळीत पांढरं. मी ओरडलो, ‘‘सापडलास, टकल्या!’’

‘‘लेस्टर,’’ ती आकृती म्हणाली, ‘‘मी आहे रे.’’

डोक्याला टॉवेल गुंडाळलेली मॅक्सिन होती ती, दादा. चार पावलांवरून मी माझ्या बायकोला ओळखलं नाही. अनवाणी पायांना खडी टोचतेय हेही कळेना.

‘‘रोज पुसतेय मी काच,’’ ती म्हणाली. ‘‘बंपरवर उभं राहायचं, एका हाताने दांडी धरायची, दुसऱ्याने पुसायचं. त्यासाठीच असतात त्या. मला बघायचं होतं, दोष काचेचा आहे का. काच लख्ख आहे, लेस्टर.’’

‘‘मग बोलली का नाहीस?’’

‘‘बोलले असते तर तू डोळ्याच्या डॉक्टरवर संशय घेतला असतास.’’

गोधडीच्या नावाखाली ती बर्लकडे मोठी गाडी चालवायला शिकत होती. एप्रिलात आम्हाला घरी कोण नेणार, म्हणून. बर्लनेच तिला उचलून दवाखान्यात नेलं. जाताना शीळ घालत नव्हता, हे मान्य करायला हवं.

बाकी इथे सगळं ठीक. तुम्ही दोघं जपून असा.

तुझा धाकटा भाऊ,
लेस्टर

ता. क. मॅक्सिनचा उजवा, ब्रेक दाबायचा पाय प्लास्टरमध्ये आहे. आणि मला रस्ता दिसत नाही. लिहिलं एकदाचं. एप्रिलनंतर इथे भट्टी होते, थांबता येणार नाही. तू जन्मभर ट्रक चालवलेस. विमानाने ये आणि आम्हाला घरी ने. मी शेजारी बसून चुका काढणार नाही (दिसल्या तर काढीन ना). तुझ्या डोळ्याच्या डॉक्टरचीही वेळ घेऊन ठेव. मला भीती वाटतेय, दादा.

ता. क. आणखी एक. अक्षर माझं नाही, हे तू ओळखलंच असशील. मॅक्सिन म्हणाली, ‘‘माझ्यावरच्या संशयाचं पत्र मीच लिहू होय?’’ म्हणून बर्लला बसवलंय. लिहिलेलं वाचून दाखवतो, पण लिहिलंय तेच वाचतो कशावरून? या पत्रात कुठे बर्ल देखणा दिसला तर मला लगेच फोन कर.

अर्विनना बर्लचा नमस्कार. सांगितलं तसंच उतरवलंय, टकलासकट. दांड्यांचं ग्रीस मी पुसून काढलंय. आज सकाळी लेस्टर स्वतः दांडी धरून बंपरवर चढला. आत मॅक्सिन पाय वर करून बसली होती, तिच्यासमोरची काच तो कितीतरी वेळ पुसत होता. मग खाली न उतरताच मला विचारलं, ‘‘हसतेय का रे ती?’’ मी हो म्हणालो. तो पुढे पुसत राहिला. ‘खरं सांग’ म्हणाला नाही.