गाडी का विकताय, असं विचारल्याबद्दल

ती. स्व. दादांस,

धाकट्या मावसभावाचा मनापासून नमस्कार.

गुडघा कसा आहे? (हे रीत म्हणून विचारलेलं नाही, उत्तर खरोखर हवं आहे. मात्र सविस्तर नको. मागच्या पत्रात तुम्ही शस्त्रक्रियेचं इतकं बारीक वर्णन केलंत की मला नंतर कितीतरी दिवस जिना चढताना स्वतःच्याच गुडघ्याची दया यायची.) वहिनींची पाठ बरी आहे ना? आमच्याकडे सगळे ठीक. सगळे म्हणजे आता दोघंच. कन्या हॉस्टेलवर गेल्यापासून 'सगळे' हा शब्द लिहिताना माझा हात जरा अडखळतो, पण चुकीचा म्हणावा तर तसाही तो नाही.

फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर तुम्ही मधेच हसता आणि माझा धागा तुटतो. शिवाय तुम्ही आयुष्यभर गाड्या हाकल्यात, तेव्हा हे गाऱ्हाणं दुसऱ्या कुणापुढे मांडू?

आठवडाभर काही कळत नाही, दोघांनाही ऑफिस असतं. रविवारी मात्र घर अंगावर येतं. नाश्ता लवकर उरकतो, पेपर लवकर संपतो, मग ती आतल्या खोलीत कपाट आवरते आणि मी बाहेरच्या खोलीत, तिला ऐकू जाईल इतपत आवाज करून, काहीतरी वाचतो. अशाच एका रविवारी सौ. म्हणाली की आपण दोघं गाडी चुकलेल्या उतारूंसारखे दिसतो, एका बाकावर बसलेले आणि ओळख नसलेले. मी म्हणालो, उपमा अचूक नाही, आपली ओळख आहे. मग तोडगाही तिनेच काढला. मोटारसायकल घ्यायची. नवी परवडणार नाही, हॉस्टेलचा खर्च आहे. जुनी, पण धड. शनिवारी निघायचं, लांब कुठेतरी मुक्काम करायचा, सोमवारी दमून ऑफिसात जायचं. लग्नाआधी मित्रांच्या गाड्या मागून हिंडायचो तसं. इतक्या दिवसांनी तिच्या आवाजात मला काहीतरी हलल्यासारखं वाटलं. मी तिथल्या तिथे हो म्हणालो. (मी तिथल्या तिथे हो म्हणालो, हे वाचून तुम्ही चष्मा पुसला असेल. पुसा. खरं आहे.)

आता माझी अडचण समजून घ्या. मी विमा कंपनीत दावे तपासतो. मोटारसायकल ही वस्तू मी नोकरीभर फक्त अपघातानंतर पाहिलेली आहे. वाकलेला दांडा, फुटलेला दिवा, आणि सोबत मालकाचं निवेदन की गाय अचानक आडवी आली. धडधाकट मोटारसायकल उभी दिसली की मला ती तात्पुरती वाटते. आणि माझं सगळं काम एका प्रश्नावर चालतं: का? का वळलात, का थांबला नाहीत, का आता आठवतं आणि तेव्हा आठवलं नाही? ही सवय ऑफिसच्या खुंटीला टांगून घरी येता येत नाही. घरी येते, जेवायला बसते.

पहिली गाडी एका दंतवैद्याची. लांबच्या प्रवासाला म्हणून घेतलेली, मागे सामानाच्या पेट्या, बसायला ऐसपैस, किंमत आमच्या आवाक्यातली. मी चेन पाहिली, टायर पाहिले, वाकून तेल गळतंय का पाहिलं. चक्करही मारली. (गतिरोधक आला की मी दोन्ही पाय जमिनीवर टेकवत होतो, त्यामुळे दंतवैद्य माझ्या शेजारून चालत येऊ शकले आणि आमच्या गप्पाही झाल्या.) सगळं पसंत. मग मी विचारलं, गाडी का विकताय? ते म्हणाले, वेळच मिळत नाही हो. दादा, इथे कुठल्याही शहाण्या माणसानं मान डोलावून भाव पाडायला सुरुवात केली असती. मी विचारलं, वेळ नेमका कशात जातो?

या माणसानं जन्मभर लोकांना तोंड उघडं ठेवायला लावून प्रश्न विचारले, उत्तराची अपेक्षा न ठेवता. त्यांना कुणी प्रश्न विचारला नव्हता बहुधा. दवाखाना बंद होता. बोलता बोलता ते पेशंटच्या खुर्चीत आडवे झाले आणि मी वरच्या दिव्याखाली उभा राहून ऐकत होतो. असं निघालं की समोर दुसरा दंतवैद्य आला तेव्हा चढाओढीत यांनी रविवारीही दवाखाना सुरू ठेवला. तो दुसरा केव्हाच गाशा गुंडाळून गेला. रविवार मात्र राहिला. मी फक्त म्हणालो, मग आता कुणाशी चढाओढ आहे? ते उठले, माझ्या हातातली किल्ली हळूच काढून घेतली, स्वतःच्या खिशात टाकली आणि माझे मनापासून आभार मानले. वर फुकटात दात तपासून दिले. मी गेलो मोटारसायकल आणायला आणि आलो ते दाढ काढण्याची तारीख घेऊन.

सौ. म्हणाली, दुसरी बघा.

दुसरी बघायला मी जुन्या गाड्यांच्या एका दलालाकडे गेलो. (मालकच नको समोर, म्हणजे प्रश्नच नको, असा माझा हिशेब.) तिथे प्रत्येक गाडी एकाच डॉक्टरची होती आणि तो डॉक्टर गाडी फक्त घर ते दवाखाना चालवत होता. एवढ्या गाड्या बाळगणारा हा डॉक्टर पेशंट कधी तपासत असेल, असं मला वाटलं, पण मी ते मनात ठेवलं. सगळ्या टायरांना काळं पॉलिश, सगळ्या सीटांवर नवं कव्हर. एक गाडी मला आवडली, पण तिचा मीटर सांगत होता की ती फारशी चाललेलीच नाही आणि तिचं झिजलेलं ब्रेकचं पेडल सांगत होतं की ती जग फिरून आलेली आहे. मी दलालाला विचारलं, या दोघांतलं खरं कोण बोलतंय? दलाल म्हणाला, "साहेब, तुम्हाला गाडी घ्यायची आहे का गाडीची सोयरीक जमवायची आहे?"

तिथवर ठीक होतं. पण शेजारी एक तरुण जोडपं एका लाल गाडीभोवती घुटमळत होतं आणि तिच्या चेसिसला, इंजिनाच्या खाली, तुटल्यावर झाळून वरून रंगवलेली जागा मला दिसत होती. दादा, अशी जागा मी फोटोंत शेकड्यांनी पाहिली आहे. आणि पुढच्या फोटोत काय असतं तेही. गप्प बसणं शक्य होतं का? मी स्वतःला तेव्हाही विचारलं, रोजनिशीतही विचारलं. त्यांना बाजूला घेऊन सांगितलं. ते गेले. ते कुणाला तरी बोलले असावेत, कारण पाठोपाठ गाड्या चाळत असलेली बाकीची मंडळीही पांगली. दलालानं मला चहा पाजला, दोन्ही हात जोडले आणि सांगितलं की गावात आणखी तीन दलाल आहेत, त्यांच्याकडे जावं, आणि रोज जावं.

कन्येला हॉस्टेलवर ही बातमी पोचली. तिचा फोन आला, "बाबा, तुम्ही गाडी बघताय की गाडीची मुलाखत घेताय?" मी म्हणालो, दोन्हींत फरक काय? तिनं फोन आईकडे द्यायला सांगितला. आतल्या खोलीतून हसण्याचा आवाज आला. मी दाराशी गेलो तोवर थांबला.

तिसऱ्या वेळी मी तोंड शिवूनच गेलो होतो. गाडी जमीन मोजणाऱ्या एका बाईंची. उन्हातान्हात हिंडणाऱ्या, मोजकं बोलणाऱ्या, गाडी आरशासारखी ठेवलेली. मी ठरवलं होतं, 'का' हा शब्द उच्चारायचा नाही. उच्चारलाही नाही. पण त्या गाडीवरून उतरताना कमरेवर हात ठेवून 'आई गं' म्हणाल्या आणि मी नुसतं बघितलं. एवढ्यानंच त्या म्हणाल्या, "म्हणून तर काढतेय. लांब जाऊन आलं की दोन दिवस उभं राहवत नाही." आता सांगा, यात मी काय विचारलं? पण माझं लक्ष हँडलकडे गेलं. त्या उंच, हँडल बुटकं. धुणं धुवायला वाकावं तशा त्या बसत होत्या. आणि हँडल उचलून बसवायचे ठोकळे मिळतात, हे मी नुकतंच वाचलं होतं. (गाडी घेण्याआधी मी वाचलं नसेल असं काही आता उरलेलं नाही.) मला हे माहीत आहे आणि त्यांना नाही, अशा स्थितीत सौदा करणं म्हणजे त्यांच्या पाठदुखीवर नफा कमावणं नव्हे काय? मी सांगून टाकलं. कोपऱ्यावरच्या मेकॅनिककडे आम्ही दोघंच गेलो, ठोकळे बसवले, त्या एक लांब फेरी मारून आल्या आणि उतरताना 'आई गं' म्हणाल्या नाहीत. ते ऐकू आलं नाही तेव्हाच मी समजलो. मेकॅनिकनं मला विचारलं, तुम्ही यांचे कोण? मी म्हणालो, गिऱ्हाईक.

यात माझं चुकतं कुठे? याला सचोटी म्हणावं की भोचकपणा? मी रोजनिशीत पानंच्या पानं भरली, निकाल लागला नाही. सौ.ने एका वाक्यात लावला. म्हणाली, तुम्हाला गाडी नको आहे, तुम्हाला खात्री हवी आहे, आणि ती सेकंडहँड मिळत नाही.

आणि दादा, जखमेवर मीठ कसं चोळलं जातं ते बघा. ते दंतवैद्य आणि त्या जमीन मोजणाऱ्या बाई आता दर रविवारी बरोबर फिरायला जातात. ओळख मीच करून दिली. (त्यांना सोबत हवी होती. यांनाही हवी होती. मी काय करणार?) त्यांनी फोनवर एक गट केला आहे आणि त्यात मला 'सल्लागार' म्हणून घेतलं आहे. जाताना ते आमच्या खिडकीखाली थांबून हॉर्न वाजवतात. मी गॅलरीतून हात करतो. सौ. शेजारी उभी राहून त्यांच्या गाड्यांवर बांधलेल्या सामानाकडे, मागचं दाखवणाऱ्या आरशांकडे बघत असते आणि गाड्या कोपऱ्यावरून दिसेनाशा झाल्यावरही आत येत नाही.

परवा तिनं सांगितलं की तिच्या ऑफिसातली मंडळी येत्या रविवारी दीपगृह बघायला बस करून चालली आहेत. तिनं नाव दिलंय. एक जागा. मी विचारलं, एकच? ती म्हणाली, "तुमची गाडी येणार आहे ना."

आवाज चढवला असता तर बरं वाटलं असतं. तिनं ते इतकं साधं म्हटलं, भाजी संपली आहे असं सांगावं तसं. तेव्हापासून मला कपाट आवरण्याचा आवाजसुद्धा वेगळा ऐकू येतो आहे. या रविवारी एक जागा आहे. पुढच्या रविवारी मी न विचारताही उत्तर मला ठाऊक असेल. जगात मला एवढं एकच उत्तर न विचारता मिळावं, हे काही खरं नाही.

असो. फार लिहिलं. वहिनींना नमस्कार. गुडघ्यावर भार देऊ नका, आणि या पत्रावरही फार देऊ नका.

तुमचा धाकटा

ता. क. : मुद्द्याचं राहिलंच, किंवा त्यासाठीच वरचं सगळं लिहिलं असं म्हणा. तुमच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली तुमची जुनी मोटारसायकल उभी आहे. ती मला विका. भाव तुम्ही सांगाल तो. गाडी का विकताय, हे मी विचारणार नाही. तुम्ही सांगूही नका. किल्ली शक्यतो वहिनींच्या हातून मिळावी. तुमचा चेहरा मला दिसला नाही तर बरं.

ता. क. २ : पत्र घडी घालताना मनाला लागून राहिलं म्हणून लिहितो. नव्या गुडघ्यानं माणूस काही महिन्यांत व्यवस्थित गाडी चालवू शकतो, असं मी वाचलं आहे. सीट जराशी खाली करून घेता येते, किक मारावी लागू नये म्हणून सेल्फ बसवून मिळतो. हे माहीत असून तुमच्याकडून गाडी घेणं मला बरोबर वाटत नाही. तेव्हा नीट विचार करा. घाईनं विकू नका. खरं तर विकूच नका.

ता. क. ३ : दादा, हे मी लिहिते आहे. पाकिटावर पत्ता घालायला पत्र माझ्याकडे आलं. यांचं अक्षर पोस्टमनला लागत नाही, आणि यांचं पत्र न वाचता डकवून टाकण्याइतकी मी बेफिकीर नाही. तुमची गाडी मागच्या आठवड्यातच टेम्पोतून इकडे आली. वहिनींनी दिली, मी घेतली. कागदांवर नाव त्यांचंच आहे. (ती तुम्ही त्यांना वाढदिवसाची भेट दिली होतीत आणि एकदाही चालवू दिली नाहीत, असं त्या म्हणाल्या. मी काही विचारलं नव्हतं.) ताडपत्रीखाली सध्या जुन्या खुर्च्या रचलेल्या आहेत. तुम्ही अजून ती उचलून पाहिलेली नाहीत, यावरून गाडीचं तुम्हाला फारसं काही वाटणार नाही, असं वहिनींचं मत; रागावायचं तर त्यांच्यावर रागवा. यांना अजून बोलले नाही. गाडी माझ्या ऑफिसच्या आवारात आहे. लहानपणी भावाच्या गाडीवर शिकले होते. हात बसायला जेवणाच्या सुट्ट्या पुरल्या. बसमधलं नाव काल काढून टाकलं. रविवारी दीपगृहाला आम्ही दोघंच जाऊ. मी चालवीन, हे मागे बसतील. वाटेत प्रश्न विचारतील, विचारू देत. हेल्मेटमधून आणि वाऱ्यातून मला फारसं ऐकू येत नाही. ऐकावंसं वाटलं की मी गाडी थांबवीन.