वरपित्याशी गोल्फ

काचीगुडा, हैदराबाद

आमचे सातवीपासूनचे मॉनिटर, आता परभणीचे मान्यवर, श्रीयुत हिम्मतराव यांस एकनाथचा नमस्कार, आणि वर एक गळामिठी.

ट-टक्-टक्, ट-टक्-टक्, ट-टक्-टक्, ट-टक्-टक्. ओळखलास का हा आवाज? आपले पिंगळे मास्तर टेबलावर छडी आपटून भुजंगप्रयात शिकवायचे तो. एक ठोका हलका, दोन जड. लगागा लगागा लगागा लगागा. पन्नास पोरं एका सुरात, आणि खिडकीबाहेर चिंचेवर बसलेला कावळासुद्धा यतीच्या जागी थांबायचा. (थांबायचा म्हणजे थांबायचाच. तू ‘काहीतरीच’ म्हणशील, पण तू त्या बाजूला बसत नव्हतास.) हा आवाज या वयात माझ्या घराचं इतकं नुकसान करील असं मास्तरांना कुणी सांगितलं असतं तर त्यांनी आम्हाला गद्यच शिकवलं असतं.

तुझा गुडघा कसा आहे? पाऊस येणार की नाही हे तो अजून आदल्या दिवशी सांगतो का? वहिनींना नमस्कार. इकडे माझी प्रकृती उत्तम आहे. घरातल्या बाकीच्यांची माझ्यामुळे बरी नाही, ते आता सविस्तर सांगतो.

तुला ठाऊकच आहे की आमची नात रेणू आणि तुझा भाचा किशोर याचा मुलगा अमेय हे एकाच कंपनीत आहेत आणि दोघांनी आपापसात सगळं ठरवूनच टाकलं आहे. (किशोर म्हणू नये आता, किशोरराव. वरपिता झाला की माणसाच्या मागे राव आपोआप उगवतो.) उरलं होतं फक्त वडीलधाऱ्यांनी भेटून, जणू आपल्यालाच सुचलं अशा चेहऱ्यानं हो म्हणणं. पण भेटायचं कुठं? मुलीकडच्यांनी आधी जुबिली हिल्सला यावं असं त्यांचं म्हणणं. मुलगी बघायला माणसं मुलीच्या घरी येतात, म्हणून त्यांनी काचीगुड्याला यावं असं आमच्या सौभाग्यवतींचं, भामाचं. शेवटी पोरांनी तोडगा काढला, की दोन्ही घरं निलगिरीच्या डोंगरात एका रिसॉर्टवर जातील. म्हणजे कुणीच कुणाकडे गेलं नाही, आणि कांदेपोहे तिथला आचारी करील. (त्यानं केले. त्यात नारळाचं दूध होतं. भामा अजून त्याबद्दल बोलते.)

डोंगर मात्र काय सांगू, हिम्मत! धुकं असं उतरायचं, की जणू कुणी फळ्यावरची कविता ओल्या फडक्यानं पुसावी. मी गॅलरीत उभा राहून तासन् तास ते बघत होतो, आणि तिथंच माझं चुकलं. कारण लोक मला दिसत नव्हते तरी मी लोकांना दिसत होतो. किशोरराव खालून म्हणाले, ‘‘काका, माणसाची खरी पारख गोल्फच्या मैदानावर होते. मी माझे सगळे मॅनेजर तिथंच निवडलेत. उद्या सकाळी आपण एक डाव खेळू आणि बोलणीही उरकू.’’ खरं तर हे आमंत्रण आमच्या संदेशला जायला हवं होतं. मुलीचा बाप तो. पण संदेशची कंबर ऐनवेळी धरली (गोल्फ हा शब्द ऐकल्यावर लगेच धरली, हे मी नोंदवून ठेवतो), आणि किशोरराव म्हणाले, की बोलणी घरातल्या सगळ्यांत मोठ्या माणसाशी करायची हा आमच्या आईकडचा रिवाज आहे. आईकडचा म्हणजे तुमच्याच घरचा. तेव्हा पुढच्या प्रकाराला थोडा तूही जबाबदार आहेस.

रात्री घरच्यांची सभा भरली. संदेश उशी पाठीला लावून म्हणाला, ‘‘बाबा, लई सोच नक्को. काठी धरायची, चेंडू मारायचा, हरून यायचं. मुलीकडच्यांनी जिंकायचं नसतं.’’ रेणू माझा हात धरून म्हणाली, ‘‘आबा, प्लीज. हल्लू खेळा. अमेयचे पप्पा हरले की महिनाभर कुणाशी बोलत नाहीत.’’ मी म्हटलं, बेटा, ज्या माणसाला आयुष्यात कॅरममध्ये स्ट्रायकर सोडून दुसरं काही भोकात घालता आलं नाही, त्याला हरायची शिकवणी कशाला?

सकाळी मैदानावर गेलो. गोल्फ म्हणजे, हिम्मत, गुळगुळीत कापलेली हिरवी टेकडी, त्यात दूर दूर छोटी भोकं, भोकात एक झेंडा, आणि चेंडू कमीत कमी फटक्यांत भोकात घालायचा. ज्याचे फटके जास्त तो हरला. आपल्या शाळेतही हाच नियम होता. किशोरराव पांढऱ्या टोपीत होते, मी मफलरमध्ये. आमच्या मागं बेंगळुरूचे चार गृहस्थ वाट पाहत होते. पहिला फटका कुणी मारायचा? किशोरराव म्हणाले, तुम्ही वडील. मी म्हटलं, आपण वरपिता. ते म्हणाले, छे छे. मी म्हटलं, असं कसं. अरे, मी हैदराबादेत जन्म काढलेला माणूस. ‘पहले आप’मध्ये मला हरवणारा अजून जन्माला यायचाय. एवढ्यात बेंगळुरूकरांपैकी एकानं मांडी घालून बैठकच मारली. मग लाजेनं मीच पुढं झालो.

किशोररावांनी सल्ला दिला, ‘‘जोर लावू नका काका. नजर चेंडूवर आणि मनात एक लय ठेवा.’’ लय! हा शब्द माझ्यापुढं उच्चारू नये. डोळ्यांसमोर धुकं, कानात मास्तरांची छडी, आणि मनात रेणूची काळजी. काठी उचलता उचलता तोंडून आपसूक प्रार्थना निघाली:

उभा राहिलो मी धुक्याच्या किनारी,
मला हारवी रे, कृपाळा मुरारी!

लघूवर काठी वर गेली, पहिल्या गुरूवर मागं, दुसऱ्या गुरूवर खाली. चेंडू असा गेला, की बेंगळुरूकर उठून उभे राहिले. मुरारीला वृत्त आवडलं असावं, अर्थाकडं त्याचं लक्ष गेलं नसावं. मी घाबरलो. पुढच्या वेळी ठरवून गद्य बोलायचं म्हणून वीजबिलाचा विचार केला, तर तेही चार ओळींत लगागात बसलं. जितक्या कळवळ्यानं हरण्याची भीक मागावी तितका चेंडू झेंड्याकडे धावायचा. किशोररावांचे कान लाल होत चालले. बोलणी ‘मुलीला स्वयंपाक येतो का’पासून सुरू झाली होती, ती ‘हं’वर आली.

शेवटच्या भोकापर्यंत फटके कसेबसे बरोबरीत आले होते, आणि तिथं मात्र देवानं संधी दिली. किशोररावांचा चेंडू भोकापासून वीतभर अंतरावर येऊन थांबला. एक टिचकी मारली की ते जिंकणार आणि आमची रेणू सुखात पडणार. पण ते बिचारे वाकून त्या वीतभर गवताकडं बघत होते, कपाळाला घाम; आणि माझ्यातला मुलीकडचा माणूस जागा झाला. वरपित्याच्या हातातलं काही पडलं तर त्यांना वाकायला लावायचं? माझ्या आईनं मला हे शिकवलं? मी चटकन पुढं झालो, चेंडू उचलला, मफलरनं पुसला आणि दोन्ही हातांनी त्यांच्या पुढं धरून म्हणालो, ‘‘हे आपलं पडलं होतं.’’

किशोरराव ओरडले. कसे ओरडले ते लिहीत नाही, तुझा भाचा आहे. चेंडूला हात लावायचा नसतो म्हणे! मग तो नेमका कुठं होता यावर चर्चा झाली, बेंगळुरूकरांनीही मतं दिली, चेंडू पुन्हा ठेवला गेला, आणि किशोररावांनी तो भोकाच्या पलीकडं घालवला. एकदा नाही, दोनदा. आता हे प्रकरण मिटावं म्हणून मी माझा चेंडू लांबूनच, न बघता, कसातरी ढकलला. तो भोकात गेला.

परतीच्या प्रवासात दोन घरं दोन डब्यांत बसली. त्याला पंधरवडा झाला. त्यांचा फोन नाही. अमेय म्हणतो, ‘पप्पांचा मूड बघून सांगतो.’ रेणू ऑफिसातून येते, फोन ताटाशेजारी ठेवते, आणि भाकरी मोडून तशीच ठेवते. मला म्हणते, ‘‘इट्स ओके आबा.’’ तिनं रागावलेलं परवडलं असतं. भामा रागावते ती वेगळीच: ‘‘जन्मभर वांगी आणायला पाठवलं तर दोडके आणणारा माणूस, आणि नेमका तिथंच अचूक निघाला!’’

असो. बाकी क्षेम. उद्या हे पत्र आबिड्सच्या पोस्टात टाकतो.

तुझा,
एकनाथ

ता. क. एक विनंती आहे, तिच्यासाठीच खरं तर हा कागद खर्ची घातला. तू किशोररावांचा मामा. त्यांना फोन करून सांग, की एकनाथ लहानपणापासूनच डोक्यानं जरा हललेला आहे; त्याच्याशी हरलं तर ते हरणं धरायचं नसतं. हवं तर सांग, की घरच्यांनाही ओळखत नाही. माझ्या अब्रूची फिकीर नक्को. पोरीनं भाकरी खाल्ली पाहिजे.

ता. क. २. हे वहिनींना वाचून दाखवू नकोस. वर मी ‘घाबरलो’, ‘लाजेनं’ वगैरे लिहिलंय, पण खरं सांगू? तो शेवटचा चेंडू भोकात पडताना जो ‘टुप्’ आवाज झाला ना, त्यानं मला इतका आनंद झाला की मी रात्री पांघरुणात हसलो. तरीही वेडा आहे हेच सांग.

ता. क. ३. पाकीट चिकटवायला घेतलं तोच घंटा वाजली. दारात तुझी भाचेसून, किशोररावांच्या पत्नी गीताबाई. एकट्या, रिक्षानं आलेल्या, कुणाला न सांगता. डोंगरावर दोन दिवसांत त्या माझ्याशी एक शब्द बोलल्या नव्हत्या. भामा पदर सावरत उभी, रेणू खोलीच्या दारात. गीताबाई उंबऱ्यातूनच म्हणाल्या, ‘‘काका, तीस वर्षं ऑफिसातले लोक ह्यांच्याशी मुद्दाम हरतायत. त्या दिवसापासून हे घरात उठून स्वतःचं पाणी स्वतः घेतात, काल तर मला विचारलं, तुझं जेवण झालं का. तारीख काढायला आलेय मी. आणि साखरपुड्याआधी ह्यांना अजून एकदा हरवता का?’’