हरणाचं मटण, बिलासकट

अल नहदा, शारजा
फेब्रुवारी १९९९

तीर्थरूप अण्णांच्या सेवेशी,

जावई निनादचा साष्टांग नमस्कार. आपला गुडघा आणि आईंचा रक्तदाब दोन्ही आटोक्यात असतील अशी आशा आहे. इकडे मी खुशाल (वजन वाढलं आहे, पण ते पत्रात दिसत नाही).

मी इथे हरणाचं मटण विकतो हे कळल्यापासून आपण माझ्याशी बोलणं टाकलंत, आणि व्हिसा हातात असूनही दर्शनाला "शिकाऱ्याच्या घरी पाठवणार नाही" म्हणालात. जंगलखात्यात रेंजर म्हणून हयात घालवलेल्या माणसाला राग येणारच. पण अण्णा, तिच्यावाचून हा फ्लॅट मला खायला उठतो, म्हणून एकदा सगळं ऐकून घ्या.

ही हरणं स्कॉटलंडची. तिथे ती इतकी वाढली आहेत की लावलेलं एक रोप जगू देत नाहीत, म्हणून तिथलं जंगलखातंच (म्हणजे आपलेच भाऊबंद) दरसाल ठरवून काही मारतं. मांस गोठवून, हलालच्या दाखल्यासकट, आमच्या दुकानात येतं. "तुमचे लोक घेतील" म्हणून साहेबांनी सगळा माल माझ्या गळ्यात मारला. नाही खपला तर माझी नोकरी आणि दर्शनाचा व्हिसा, दोन्ही जाणार होती. मी ऐटीत बोर्ड लावला, 'सरकारमान्य हरणाचं मांस. बिल मिळेल.' आपली मराठी मंडळी तो वाचून पोलीस चौकीवरून जावं तशी मान खाली घालून निघून जायची. वरच्या मजल्यावरच्या सगुणाताईंनी तर लिफ्टमध्ये हळूच विचारलं, की यात जामीन मिळतो का.

शेवटी आमचा दापोलीचा खाटीक बदरुद्दीन म्हणाला, "साहेब, बोर्ड काढा. हरण काय कोण उघड्यावर विकतो? कानात सांगा, दोन जुम्म्यात माल खलास." मी बोर्ड काढला आणि बोलताना इकडेतिकडे बघायला लागलो. पुढच्या शुक्रवारी रांग लागली. "ते आहे का?" एवढंच विचारायचे, आणि कोथिंबिरीच्या जुडीखाली दडवून न्यायचे. बिल पुढे केलं की हात मागे. सगुणाताईंनी बाबागाडीतून नेलं (नातू कडेवर).

आमचा अकाउंटंट मिथुन दुबईच्या रस्त्यावर ट्रॅफिक जॅममध्ये अडकलेला असताना पोलिसाने काचेवर टकटक केली. मागचा दिवा बंद आहे, एवढंच त्या बिचाऱ्याला सांगायचं होतं. मिथुनने दोन्ही हात वर करून हरणाची कबुली दिली आणि पिशवी स्वाधीन केली. पोलिसाने दाखला वाचला, पिशवी परत दिली आणि दुकानाचा पत्ता विचारला. आता तो आमचं नेहमीचं गिऱ्हाईक आहे (बिल मागणारं एकमेव).

तर माल संपला, साहेब खूश, नोकरी पक्की. मी अगदी सुखात आहे. फक्त दर्शनाला पाठवा, एवढंच मागणं.

आपला,
निनाद

ता. क. वरचं मागणं रीत म्हणून केलं आहे. दर्शना गेल्या गुरुवारीच इथे पोचली. ती साताऱ्याला मावशीकडे हळदीकुंकवाला गेली नव्हती.

आणखी एक ता. क. (हा दर्शनाच्या हातचा.) अण्णा, मावशीला बोलू नका, तिला मीच पढवलं होतं. काल यांनी घरी राखून ठेवलेलं हरीण आईच्या पद्धतीने वाटण लावून शिजवलं आणि पहिल्याच घासाला माहेर आठवून रडू आलं. आपल्या क्वार्टरमध्ये, धाड घालून आलात की तुम्ही "बोकडाचं" म्हणून आणायचात, ते अगदी हेच. यांना मी काही बोललेले नाही, पाकीटही मीच चिकटवते आहे. तुमचा यांना फोन आला, की बोलायचं कारणही उरणार नाही.