सिलतऱ्याच्या गोदामातलं गाणं

शंकर नगर, रायपूर
५ जानेवारी २०२५

ती. सुधाकरदादास,
वनमालाचा सा. न. वि. वि.

तुले फोनवर ऐकू येत नाही, म्हणून लिहायला बसली. तिळाचे लाडू पाठवले आहेत. वहिनी कडक म्हणेल, तू मात्र खा.

काळजी तुझ्या भाच्याची आहे, आशयची. त्याचा बँड तुले माहीतच आहे. सायकेडेलिक रॉक म्हणतात त्याले. गिटारवर एकच सूर कितीतरी वेळ घोळवतात, अन् मागच्या भिंतीवर रंग वितळल्यासारखे फिरत राहतात. ते रंग देवयानी फिरवते, त्याची मैत्रीण. एक फेब्रुवारीला सिलतऱ्याच्या एका रिकाम्या गोदामात त्यांचा कार्यक्रम आहे, तिथंच तिच्या चित्रांचं प्रदर्शन. मग भिलाई. पोट्टे गावभर पोस्टर चिकटवून राहिले.

अन् परवा कानाच्या डॉक्टरनं सांगितलं, याच्या कानाची नस सुकून राहिली. तुझ्यासारखंच. मोठ्या आवाजापासून दूर राहिला तर काही वर्षं निघतील, नाहीतर लवकरच जाईल. मी त्याले कार्यक्रम सोड म्हटलं. तो नेहमीसारखा हिंदीत बोलला, “मम्मी, बाद में तो चुप ही चुप है.” हे तर उठून गच्चीवरच निघून गेले.

तू लिही त्याले. मामाचं ऐकेल. लोभ कमी करू नको.

तुझी,
वनमाला


अमरावती
१४ जानेवारी २०२५

चि. सौ. वनमाला हिस,
अनेक आशीर्वाद.

लाडू पोचले. कडक मुळीच नाहीत. तुझ्या वहिनीचा दात हलतो आहे, त्याचा राग लाडवांवर निघाला.

आशयला लिहायला बसतो आणि कागद बाजूला ठेवतो. पस्तिशीत माझं ऐकणं कमी होऊ लागलं, तेव्हा मी काही गिटार वाजवत नव्हतो. शाळेत भूगोल शिकवत होतो. डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं पाळलं. वरातीपासून दूर राहिलो, दिवाळीत खिडक्या लावून बसलो. तरी गेलं. माझ्या नातीचा आवाज कसा आहे, मला माहीत नाही. त्याला ‘सोड’ म्हणू तर कशाच्या भरवशावर? आणि ‘वाजव’ असं लिहायला हात धजत नाही.

शेवटी एवढंच लिहिलं, की कानात घालायचे चांगले प्लग मिळतात, ते घाल. मामाकडून इतकंच निघालं. तू मात्र कार्यक्रमाला जा. माया आहे, ती असू दे.

तुझा,
दादा


शंकर नगर, रायपूर
४ फेब्रुवारी २०२५

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून त्यानं प्लग घेतले. हे आले नाहीत, मी एकटीच गेली. गोदामात पाय ठेवला तर तिथल्या कारखान्यांच्या काजळीनं चपला काळ्या झाल्या. देवयानीनं एका चित्रात अभनपूरची धानमंडी, धानाचा बाजार, जांभळी रंगवली आहे. काहून म्हणून विचारलं, तर तिले ती तशीच दिसते म्हणे.

गर्दी खूप होती. आशयनं मधातच प्लग काढून खिशात टाकले. शेवटचं गाणं संपलं. ड्रमवाला प्रशिक थांबला, बाकीचेही थांबले. आशय डोळे मिटून वाजवतच राहिला. दादा, त्याले समजलंच नाही. प्रशिक उठला, त्याच्याकडे एक पाऊल गेला अन् तिथंच उभा राहिला. देवयानी रंग फिरवत राहिली. लोकांना वाटलं, हे असंच बसवलेलं आहे. टाळ्या, शिट्ट्या सुरू झाल्या. तेव्हा त्यानं डोळे उघडले, मागं वळून प्रशिकचे रिकामे हात पाहिले अन् मग मले शोधलं. मी समोरच होती. सगळे टाळ्या वाजवत होते, मीही वाजवल्या.

भिलाईले जाणारच म्हणतो. गाणं संपलं की देवयानी समोरून हात वर करेल, असं त्यांनी आपसात ठरवलं आहे. मी नाही म्हटलं नाही.

गाडीत त्यानं विचारलं, “आखिरी वाला कैसा लगा?” मी छान म्हटलं. तो माझ्या तोंडाकडे पाहतच राहिला. मग मी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला अन् पुन्हा म्हटलं, मोठ्यानं.

आमच्यावर लोभ राहू दे, त्याच्यावर जरा जास्तच.

तुझी,
वनमाला